मालूच्या परसातला मोरस

वडखळजवळ खाडीचा बांध फुटला आणि मालूच्या बापाची भातशेती खारी झाली. घरच्यांनी गाव सोडून रामवाडी गाठली. मालू त्याआधीच लग्न होऊन रोह्याकडच्या डोंगरातल्या गावात आली होती. माहेरचं म्हणावं असं तिच्याकडे एकच उरलं, परसातला मोरस. खाडीकाठची ही गुबगुबीत पानांची भाजी. मुळातच खारट, मीठ घालावं लागत नाही.

नवऱ्याने, गोविंदाने, दोन परसांमधल्या कुडाच्या कडेला वाफा करून दिला होता. खाऱ्या पाण्यावाचून मोरस जगायचा नाही, म्हणून मालू रोज खडेमीठ विरघळवून पाणी घाली.

पौषात शेजारची बायजाबाई विळा घेऊनच आली.

"मालू, बाहेर ये गो. माझा वाल बघ."

कुडापलीकडचा वाल पिवळा पडला होता. पानांच्या कडा करपल्या होत्या.

"कीड असंल," गोविंदा म्हणाला.

"कीड काय तुमच्या कुडाला टेकून बसते? तुझी बायको गवताला मिठाची आंघोळ घालते, आळीला ठाऊक हाय. उपटा, नायतर मी उपटते."

गोविंदाने मालूकडे पाहिलं. ती नुसतं 'नाय' म्हणाली असती तरी तो भांडायला उभा राहिला असता.

मालू पलीकडे गेली. वालाच्या बुडाची चिमूटभर माती तिने जिभेवर ठेवली. बांध फुटल्यावर ती माहेरी धावली, तेव्हा बापाने असंच केलं होतं. माती तोंडात धरून तो नुसता उभा राहिला होता.

"काय लागतंय?" बायजाबाईने विचारलं.

मालूला थुंकवेना, गिळवेना.

"खारी हाय, काकी. माझंच मीठ."

बायजाबाईने विळा खाली केला.

मालूने कुदळ घेतली. मोरस उपटला, वाफा ढोपरभर खणला, माती पाट्या भरभरून गावाबाहेरच्या कातळावर नेऊन टाकली. शेवटचं रोप तिने बायजाबाईपुढे धरलं.

"एवढं मडक्यात लावू? गोडं पाणी घालीन. मेलं तर मेलं."

"माझ्या कुडापासून लांब ठेव."

रोप मेलं नाही. शिमग्यापर्यंत मडक्याबाहेर लोंबलं. मालूने खुडून भाजी केली, वाटीभर बायजाबाईला नेऊन दिली. बायजाबाईने घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अळणी हाय गो. मीठ विसरलीस?"

मालू घरी आली. चुलीवरची भाजी तिने चाखली. मग मिठाच्या बरणीत हात घातला. मोरसात मीठ ती जन्मात पहिल्यांदा टाकत होती.