पोपट रडू नये म्हणून

माणसाच्या घाणीची मला कधी किळस आली नाही. फणसवाडीतल्या ज्या घरात राहून मी आजोबांची देखभाल करते, तिथे रोज सकाळी त्यांचं डायपर बदलते, त्यांना पुसून कोरडं करते, हात धुते आणि चहा-चपाती खायला बसते. पोटात काही ढवळत नाही. ढवळलं ते एका पोपटामुळे, आणि तो पोपट खरासुद्धा नव्हता.

आजोबांच्या सुनेला मी वहिनी म्हणते. परळच्या एका कंपनीत ती शाळेच्या मुलांसाठी ऑनलाइन धडे तयार करते. नववीत माझी शाळा सुटली हे तिला कळलं, तेव्हा तिने स्वतःच धावपळ करून सतरा नंबरचा फॉर्म भरून आणला. म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. माझ्यासाठी कुणी रांगेत उभं राहिल्याचं मला आठवत नाही, वहिनी राहिली. बुलढाण्याकडच्या माझ्या गावाहून फोन यायचे, "स्थळ आलंय, अजून किती दिवस तिकडं?" मी माझ्या वडिलांकडून, बापूंकडून, मार्चपर्यंतची मुदत मागून घेतली होती. दहावी निघाली तर रुग्णसेवेचा कोर्स करून मुंबईतच राहायचं. नाही निघाली तर परत.

वहिनीने गणिताचे धडे माझ्यावरच तपासायला घेतले. "तू माझी पहिली स्टुडंट," ती म्हणायची. दुपारी आजोबा झोपले की जेवणाच्या टेबलावर टॅब उभा करायची आणि माझ्या मागे वही घेऊन बसायची. मी कुठे हसते, कुठे जांभई देते, सगळं टिपून घ्यायची.

धडा एक हिरवा पोपट शिकवायचा. आवाज वहिनीचाच. बरोबरच्या चिन्हाच्या एका बाजूचा पाच टुण्णकन उडी मारायचा, हवेतच शर्ट बदलायचा आणि पलीकडे उतरेपर्यंत अधिकचा उणे झालेला असायचा. का झाला, ते काही कळायचं नाही. मग पोपट विचारायचा, "समजलं?" खाली दोन बटणं. हिरव्यावर 'हो, समजलं!' आणि करड्यावर 'पुन्हा सांगा'.

पहिल्या दिवशी मी करडं दाबलं. पोपटाने चोच खाली घातली. डोळे फुगले, त्यांतून दोन जाड, चकचकीत थेंब ओघळले आणि तो वहिनीच्या आवाजात म्हणाला, "अरेरे! मी नीट नाही का शिकवलं?" मग तीच उडी, तोच शर्ट, तेच शब्द. मी मागे वळून पाहिलं. वहिनी पेन उघडून वाट पाहत होती. जिने फॉर्म भरला, तिला रडवायचं कसं? मी हिरवं दाबलं. टाळ्या वाजल्या, रंगीत कागद उडाले.

"कळलं ना गं?"

"हो वहिनी. छान आहे."

हे 'छान आहे' मी महिनाभर म्हणत राहिले. वाडीतल्या मुलांनाही वहिनीने तो धडा दिला होता. दहावीतली एक मुलगी मला जिन्यात म्हणाली, "ए ताई, करडं दाबूच नकोस हां. रडत बसतो येडा, टाइम खातो." म्हणजे सगळे हिरवंच दाबत होते. वहिनी खूश होती.

मग केंद्रावर सराव परीक्षा झाली. समीकरणांच्या प्रश्नात मी आकडे इकडून तिकडे नेले, काहींची चिन्हं बदलली, काहींची राहिली. वीसपैकी तीन.

"हे काय गं? तुझे सगळे हिरवे होते!"

"तो पोपट रडतो ना, वहिनी. तुमच्या आवाजात."

ती आधी हसली. मग हसायची थांबली. "सगळ्यांना समजलं असा रिपोर्ट तर मी पाठवून दिलाय," ती म्हणाली. "उद्या मीटिंग आहे. माझ्याबरोबर ऑफिसला चल आणि आमच्या सरांना तूच सांग." वहिनीचे मिस्टर, दादा, आजोबांपाशी घरी थांबले.

ऑफिस उंचावर, चहूकडे काचा. खिडकीतून जुन्या मिलची चिमणी दिसत होती. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर माझा फोटो लावलेला: तोंड किंचित उघडं, डोळे टॅबवर. खाली लिहिलेलं, 'एंगेज्ड लर्नर', म्हणजे मन लावून शिकणारी. मला तो क्षण चांगला आठवत होता. दुधाखालचा गॅस बंद केला की नाही, ते मी तेव्हा आठवत होते. माझं ते तोंड एवढं मोठं पाहून मला मळमळायला लागलं.

"बोला ताई, मजा आली?" सरांनी विचारलं.

'छान आहे' जिभेवर आलंच होतं, तेलकट, सवयीचं. गिळलं. मार्च डोळ्यांपुढे उभा होता.

"मले नाही समजलं," मी म्हटलं. घाबरले की माझी गावची भाषा बाहेर येते. "एकपण नाही. पोपट रडू नये म्हणून हिरवं दाबायची."

मग सरांनी टेबलावर थाप मारली. "ब्रिलियंट! म्हणजे रडणं काम करतंय! म्हणूनच पोरं मागे जात नाहीत, धडा पूर्ण करतात. तो पोपट काढायचा नाही हं. उलट दुसऱ्यांदा करडं दाबलं तर अजून जोरात रडू दे."

वहिनी म्हणाली, "सर, पण तिला काही आलेलं नाही."

"ते परीक्षेत बघू ना," सर म्हणाले आणि माझ्यापुढे क्रीमच्या बिस्किटांची बशी सरकवली. मला नको म्हणता आलं नाही. ते गुलाबी, गोड क्रीम टाळूला चिकटून बसलं आणि ते तिथेच थुंकावं इतकी शिसारी आली. त्या माणसाची आली, आणि बशी पुढे केली की घेणाऱ्या माझ्या हाताचीही.

बसमध्ये वहिनी खिडकीकडे तोंड करून बसली. मी मनात सामान बांधायला लागले. चार माणसांत तिची शोभा केली, आता ही मला का ठेवून घेईल?

घरी येऊन तिने पर्स टाकली आणि कागद ओढला. "बस. मी दाखवते." तिने लिहिलं: एक्स अधिक पाच बरोबर बारा. "आता पाच पलीकडे गेले की उणे होतात."

"पण का, वहिनी?"

"का म्हणजे? होतात." पेन्सिल थांबली. "आम्हाला असंच शिकवलं गं. मी कधी विचारलंच नाही."

मग ती उठली. दोरीवरचा हँगर घेऊन त्याच्या दोन टोकांना दोन पिशव्या अडकवल्या. सारख्या वजनाचं घरात काय आहे, म्हणून आजोबांचे डायपर आणले. बारा एका पिशवीत. माझ्याकडे पाठ करून तिने दुसरीत काहीतरी कागदात गुंडाळून घातलं, वर मोजून पाच टाकले. हँगर सरळ राहिला.

"काढ ते पाच."

मी काढले. हँगर लगेच बाराच्या बाजूला कलला. सरळ व्हायला तिकडचेही पाच काढावे लागले. सात उरले. पुडी सोडली, तर आत सातच.

"पाच कुठं उडी मारतच नाही," मी म्हटलं. "दोन्हीकडून काढतो आपण!"

"हो गं," वहिनी म्हणाली, जणू तिलाही आत्ताच कळलं होतं. मग तिने एक्स आणि वाय दोन्ही असलेलं गणित लिहिलं, एकाखाली एक दोन ओळी. एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं.

"पुन्हा सांगा."

"अगं, आत्ता तर सांगितलं! लक्ष कुठंय तुझं?" तिच्या कपाळावर खरीखुरी आठी पडली. ती रडली नाही. मलाही वाईट वाटलं नाही.

पलंगावरून आजोबा ओरडले, "आधी माझे डायपर जागेवर ठेवा दोघी!"

मी सगळे मोजून घडी करून ठेवले आणि परत येऊन बसले. "पुन्हा सांगा, वहिनी."