तांबडा की हिरवा

व्हर्ना टेव्जची गोष्ट सांगायची तर आधी मला माझं शहाणपण सांगावं लागेल. कॅनडातल्या विनिपेग शहराच्या उत्तर भागातल्या एका चार मजली इमारतीचा मी एकोणीस वर्षं केअरटेकर आहे. नळ, बॉयलर, जिन्यातले दिवे, दारापुढचा बर्फ, सगळं माझ्याच गळ्यात. लोकांच्या अडचणी दूर करायची मला खोड आहे. कुणी सांगितल्या नाहीत तरी मी त्या दूर करतो. बायको म्हणायची, ‘ओरेस्ट, तुला कुणी बोलावलंय का?’ ती गेल्यापासून तेवढं विचारणारंही कुणी उरलं नाही.

व्हर्ना तिसऱ्या मजल्यावर राहते, नवऱ्याबरोबर. वय अडुसष्ट, चणीनं बुटकी, पण मनगटं सुताराची. मेनोनाइट या साध्या, कष्टाळू राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या शेतकऱ्याची मुलगी. त्यांच्या घरात रिकाम्या हातानं बसणं म्हणजे जवळजवळ पापच. बसायचं तर मांडीवर सोलायला बटाटे तरी हवेत, नाहीतर उसवलेला मोजा तरी. पुढे तीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली आणि तिथेही ती कधी बसली नाही म्हणतात.

नवरा आल्विन रेल्वेच्या यार्डात होता. दोघंही चाळीस वर्षं सिगारेट ओढत. फुप्फुसं मात्र त्याची गेली. चार वर्षांपासून तो ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. मशीन पलंगापाशी घरघरत असतं आणि त्याची नळी मोरीपर्यंत पोचते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचते, दाराबाहेर पोचत नाही. नळीला तो बांधलेला आणि त्याला ती. दर मंगळवारी नर्स येते, तेवढ्यात व्हर्ना वाणसामान घेऊन येते. बाकी आठवडाभर ती त्या दोन खोल्यांत. जरा आत गेली की आल्विनची हाक येते, “व्हर्न! कुठे आहेस?” आता दोन खोल्यांत माणूस असून असून असणार कुठे?

आल्विनचं दुखणं बघून तिनं सिगारेट सोडली आणि व्हेप घेतलं, म्हणजे बॅटरीवरची, वाफेची सिगारेट. बोटभर लांबीचं, निळं, आंब्याच्या वासाचं. दुकानदार भला माणूस होता. त्यानं तिला सगळं नीट समजावून दिलं. याची जी तार आहे तीच वापरायची. फोनचा जोरकस चार्जर लावायचा नाही. उशीवर, गादीवर ठेवून चार्ज करायचं नाही. तांबडा दिवा म्हणजे भरतंय, हिरवा म्हणजे भरलं. भरलं की काढून ठेवायचं. नर्सनं त्यात आपली भर घातली: ऑक्सिजनच्या घरात ओढायचंही नाही आणि चार्जही करायचं नाही, एक ठिणगी पडली तर पलंगासकट सगळं जाईल.

म्हणून ओढायचं ते स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर डोकं काढून, आणि चार्ज करायला व्हर्ना दुपारी दोन वाजता तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत यायची. हातात तडा गेलेली चिनी मातीची बशी, बशीत ते निळं यंत्र. तार लावायची, बशी टेबलावर ठेवायची आणि लगबगीनं वर निघून जायची. पाऊण तासानं पुन्हा खाली.

आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या डेनिसनं त्याचं व्हेप फोनच्या चार्जरला लावलं, सोफ्याच्या उशीवर ठेवलं आणि हा बाबा हॉकी बघायला गेला मित्राकडे. उशी पेटली. धुराची घंटा वाजली म्हणून मी वेळेवर पोचलो. त्या दिवशी मी इतका चिडलो होतो की मोठ्या अक्षरांत पाटीच लिहून लावली: ‘चार्जिंगला लावलेली वस्तू सोडून जाऊ नये. भरेपर्यंत माणसानं शेजारी बसावं.’

सगळ्या इमारतीनं त्या पाटीकडे दुर्लक्ष केलं. व्हर्नानं मात्र ती दोनदा वाचली.

“ओरेस्ट, याची एक प्रत मिळेल का रे?”

“कशाला?”

“आल्विनला दाखवते. आणि खाली तुझी सही कर.”

मी सही केली. वाटलं, चला, इमारतीत एक तरी नियम पाळणारं माणूस आहे.

दुसऱ्या दिवसापासून ती खालीच बसायला लागली. दोन वाजता यायची. ड्रायर चालू असला तर त्याला पाठ टेकून बसायची आणि जोडे काढायची. बशी आपल्या बाजूला, वर हाताचा आडोसा. समोर छताला लागून एक आडवी खिडकी आहे. तळघराची खिडकी, तिच्यातून माणसं दिसत नाहीत, बसथांब्यावर उभे राहिलेले फक्त पाय दिसतात. व्हर्नाला ते सगळे पाठ झाले होते.

“पिवळ्या बुटांनी आज नवे बंद घातलेत,” ती म्हणायची. “आणि ही लाल बुटांची पोरगी रोज चुकीच्या बसमध्ये चढते. चढते आणि लगेच उतरते.”

“तुम्हाला कुठे जायचंय का व्हर्ना? मी मोटार काढतो.”

“मला? मी कुठे जाणार? हे भरायचंय ना अजून.”

दर दहा मिनिटांनी तिच्या खिशातला फोन वाजायचा. समोरून आल्विनचा दम लागलेला आवाज, मलासुद्धा ऐकू यायचा.

“तांबडा की हिरवा?”

“तांबडा.”

“अजून तांबडा? मेलं ते यंत्र धरणाएवढं भरतंय की काय?”

“जुनं झालंय आल्विन. वेळ लागतो.”

फोन खिशात जायचा आणि ती पुन्हा खिडकीकडे बघायला लागायची. सबंध वर्षभर मी हे पाहिलं, आणि मला काही म्हणता काही कळलं नाही. डोळे असून आंधळा, दुसरं काय.

यंदा जानेवारीत मालकांच्या कचेरीतून पत्र आलं. दुसऱ्या कुठल्याशा इमारतीत सायकलच्या बॅटरीनं आग लागली होती. आता सामायिक जागेत बॅटरीवरची कुठलीही वस्तू चार्ज करायची नाही, धुण्याच्या खोलीतल्या सगळ्या प्लगांना झाकणं बसवून स्क्रूनं आवळायची. मी झाकणं बसवली. दोन वाजता व्हर्ना बशी घेऊन आली आणि दारातच थबकली.

“हे काय केलंस?”

“हुकूम आलाय.”

“मग मी कुठे बसू?” ती म्हणाली. तेव्हाही ‘कुठे चार्ज करू’ असं ती म्हणाली नाही, पण ऐकायला शुद्ध कुणाला होती? माझ्या डोक्यात तोडगा तयार होता. माझी कामाची खोली सामायिक नाही, तिथला प्लग मी झाकला नव्हता. मी तिला तिथे बोलावू शकलो असतो. पण नाही. मला त्याहून मोठे उपकार करायचे होते ना!

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. आल्विन पलंगावर बसून टीव्हीवर कर्लिंग, तो बर्फावर दगड सरकवायचा खेळ, बघत होता, नाकाला नळी, मांडीवर फोन. व्हर्ना भांडी पुसत होती.

“काळजी मिटली,” मी म्हणालो. “रोज दोन वाजता मी वर येतो, व्हेप घेऊन जातो, माझ्या खोलीत लावतो, स्वतः शेजारी बसतो आणि भरलं की आणून देतो. तुम्हाला खाली यायलाच नको व्हर्ना!”

आल्विन खुलला. “बघ व्हर्न! असा माणूस लाखात एक. ती लिफ्ट चारदा बंद असते, हिचे गुडघे हे असे. बरं झालं बाबा!”

व्हर्नाच्या हातात एक बशी होती. ती पुसून झालेली बशी ती पुसतच राहिली. मग तिनं कपाटातून ते निळं यंत्र काढलं, तार गुंडाळली आणि माझ्या हातात दिलं. “थँक यू ओरेस्ट,” म्हणाली. मी शीळ घालत जिना उतरलो.

खाली येऊन तार लावली. लावल्याबरोबर दिवा हिरवा.

म्हटलं, कालचं चार्जिंग शिल्लक असेल. दुसऱ्या दिवशी दोन वाजता आणलं, लावलं. हिरवा. तिसऱ्या दिवशीही हिरवा. चौथ्या दिवशी मी चष्मा लावून ते नीट पाहिलं. आतली रस भरायची कुपी कोरडी ठणठणीत होती. तोंडाला लावायच्या भागात धुळीचा थर. मी नाकाशी धरलं, तर आंब्याचा वास नाही की कसला नाही. हे यंत्र कुणी कित्येक महिन्यांत ओढलंच नव्हतं.

मी स्टुलावर बसलो तो बसूनच राहिलो. ‘तांबडा.’ रोज चारदा ती फोनवर ‘तांबडा’ म्हणत होती आणि हाताच्या आडोशामागे दिवा हिरवा होता. पहिल्या मिनिटापासून हिरवा. त्या बाईनं चोवीस तासांतून पाऊण तास चोरला होता, तोही नियमात बसवून, माझी सही घेऊन. आणि मी तो तिच्या हातातून काढून घेतला, वर तिच्याकडून आभार मानून घेतले. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

वर गेलो. दार तिनंच उघडलं. चार दिवसांत तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. मी दारातच हळू आवाजात विचारलं, “कधी सोडलंत?”

तिनं मागे वळून पाहिलं. “मार्चमध्ये.”

“मग जवळजवळ वर्ष...”

“नुसतं जाऊन बसायला मला जमत नाही रे,” ती कुजबुजली. “आई म्हणायची, काम नसेल तर ऊठ. हे काम होतं. तूच लिहिलं होतंस, शेजारी बसावं म्हणून.”

“व्हर्न! कोण आहे?” आतून हाक आली.

मी आत गेलो. खोटं बोलायची मला सवय नाही, तरी पाठ करून आलो होतो. “आल्विन, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. ज्याची वस्तू त्यानंच बसावं, असा नियम आहे. माझ्या खोलीतला प्लग चालेल. उद्यापासून ह्यांना खाली पाठव. आणि बॅटरी म्हातारी झालीय, आता तास लागेल.”

आल्विननं टीव्हीचा आवाज कमी केला. मशीन घरघरत होतं. मग तो व्हर्नाला म्हणाला, “जरा पाणी आण गं.” ती स्वयंपाकघरात गेली तसा त्यानं माझा दंड धरला. बोटं गार होती, पण पकड घट्ट.

“माझी फुप्फुसं गेलीत ओरेस्ट. नाक जाग्यावर आहे. या बाईच्या अंगाला उन्हाळ्यापासून आंब्याचा वास येत नाही.”

“मग फोन कशाला करतोस रे दर दहा मिनिटांनी?”

“खाली बस थांबते ना,” तो म्हणाला. त्याला पुढचं बोलायला दोनदा श्वास घ्यावा लागला. “तिनं फोन उचलला की कळतं, अजून चढली नाही. तास घेऊ दे. दीड घेऊ दे. वर परत येते ना, तेवढं बघ.”

व्हर्ना पाणी घेऊन आली. त्यानं दोन घोट घेतले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या रविवारी मी माझ्या खोलीच्या खिडकीपुढचे रंगाचे डबे काढले. सहा वर्षं तिथे रचलेले होते. काच धुतली. तिच्यातूनही तोच बसथांबा दिसतो, थोडा डावीकडून. ड्रायर नाही, म्हणून हीटर आणून ठेवला.

सोमवारी दोन वाजता व्हर्ना बशी घेऊन आली. तार लावली. हिरवा.

“हिरवा झाला की काढायचं,” मी म्हणालो. “भरलेली बॅटरी तारेवर ठेवायची नाही. एवढं वर्षभर हे असंच केलंत? आग लागली असती म्हणजे?” राग खोटा नव्हता. नियम तो नियम.

तिनं तार काढली. दिवा विझला. ते यंत्र बशीत नुसतं पडून राहिलं. तिनं जोडे काढले, पाय हीटरकडे केले आणि खिडकीकडे पाहिलं. बस येऊन थांबली. लाल बूट चढले, आणि या खेपेला उतरले नाहीत. बस गेल्यावरही व्हर्ना त्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

फोन वाजला. तो टेबलावर होता, तिच्या हाताशी. तिनं हात पुढे केला नाही. फोन वाजत राहिला, चारदा, पाचदा. वर तिसऱ्या मजल्यावर आल्विन कान लावून बसला असणार, आणि इथे ती जागची हलत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते.

मग मीच फोन उचलला.

“तांबडा की हिरवा?” आल्विननं विचारलं.

“इथेच आहे ती,” मी म्हणालो. “तांबडा.”