भेरूजींचा चोला

आमच्या भावजींना दगडाचं वेड लागलं ते मिल बंद पडल्यावर. त्याआधी फक्त पांढऱ्या रंगाचं होतं. भावजी म्हणजे दौलतराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, यशोधराताईचे यजमान. उभा जन्म इंदूरच्या एका कापड मिलच्या ब्लीचिंग खात्यात गेला. कोरं, मळकट कापड कॉस्टिक सोड्यात उकळून पांढरंशुभ्र काढायचं, हे काम. घरी जेवायला बसले तरी आधी पाट अंगठ्याने घासून बघायचे. ताई म्हणायची, "माणूस लाख मोलाचा आहे, फक्त त्याच्यासमोर डाग पडू देऊ नका."

नव्वदीनंतर एकेक मिल बंद पडत गेली, तशी भावजींचीही पडली. बरोबरीच्या लोकांनी विजय नगरकडे प्लॉट घेतले, कुणी रंगीत टीव्ही आणला, कुणी पोराला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. भावजींनी मात्र सिमरोळच्या पुढे, नर्मदेकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या एका गावात, होळकरांच्या वेळची दगडी चौकी विकत घेतली. जुन्या काळी तिथे मालावर जकात घेत. पुढे एका शेतकऱ्याने तीत कडबा भरला. छप्पर अर्धं बसलेलं, पण काळ्या दगडाच्या भिंती तोफ लावली तरी हलणार नाहीत अशा.

"आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते," भावजी येईल त्याला सांगायचे. होते, खरं आहे. फौजेत घोड्यांना चंदी घालायलाही माणसं लागतातच. पण जुन्या इंदुरात भाड्याच्या दोन खोल्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला उतारवयात दगडाचं घर हवंसं वाटलं, यात मला हसू आलं तरी वावगं काही दिसलं नाही.

चौकीच्या बाहेरच्या भिंतीत, दरवाज्याला लागून, एक कोनाडा होता. त्यात गावाचे भेरूजी, म्हणजे भैरव. माळव्यात देवाला तेलात कालवलेला शेंदूर लावतात, त्याला चोला चढवणं म्हणतात. थरावर थर बसत जातो आणि आतला दगड कसा होता ते कुणालाच आठवत नाही. क्वचित कधी तो सगळा थर आपसूक सुटून खाली येतो. मग देवाने चोला सोडला म्हणून गाव ढोल वाजवत तो नर्मदेत सोडून येतं. ज्याच्या दारात असं घडतं, तो भाग्यवान समजायचा.

भेरूजींना दर शनिवारी चोला चढवायच्या यमुनाबाई. मूळचं त्यांच्या सासऱ्याचं काम. सासरा गेला, नवरा गेला, मूलबाळ नाही, म्हणून ते त्यांच्याकडे आलं. बाईमाणसाने भेरूजींना हात लावावा का, ही कुजबुज गावात होतीच. पण त्या एका कामामुळे गाव त्यांना लग्नामुंजीत पुढे बसवायचं, नाहीतर विधवेला कोण विचारतो. एवढाच त्यांचा मान, आणि त्यावर त्या जगत होत्या.

भावजी छपराचं काम करवून घेत होते आणि येता-जाता तो लाल गोळा त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आत कोरीव मूर्ती असणार. होळकरी कारागिरांची. शेंदूर काढला की चौकीला शोभा येईल. एका बाजाराच्या दिवशी सगळं गाव हाटाला गेलं, मजूरही गेले. मी तेव्हा मदतीला तिथेच मुक्कामाला होतो; मी आणि ताई सिमरोळला फरशीचा लाल रंग आणायला गेलो. परत आलो तर भावजी कोनाड्यापुढे उकिडवे बसलेले, बादलीत कॉस्टिकचं पाणी, हातात खुरपं. दगडाला शेंदूर फासला की देव होतो म्हणतात. भावजींनी उलटं करून पाहिलं होतं. आत मूर्ती नव्हती. नदीतला असतो तसा एक गुळगुळीत गोटा होता.

"शेंदूर कुठाय?" ताईने विचारलं.

"मागच्या नव्या ओट्याच्या भरावात टाकला," भावजी म्हणाले. त्यावर मजुरांनी सकाळीच कालवून ठेवलेला चुनाही ओतला होता.

तेवढ्यात हाटावरून माणसं परतू लागली. पुढे कमल पटेल, गावचे मुखिया. बादली-खुरप्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही; ओला, उघडा गोटा बघून त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि जमिनीवर डोकं टेकलं.

"भेरूजी ने चोलो छोड्यो," ते म्हणाले. "बाबूजी, तमारा पग सुभ हे." भावजींचा पायगुण शुभ ठरला होता.

भावजींच्या तोंडात खरं उत्तर होतं, मी ते ओठांवर आलेलं पाहिलं. पण मागून माणसं येतच होती, बाया त्यांच्या पाया पडत होत्या, आणि मिलने घरी बसवल्यापासून त्यांच्या पाया कुणी पडलं नव्हतं. पटेलांनी चोला कुठे आहे विचारलं, तेव्हा भावजी म्हणाले, "आत जपून ठेवलाय."

मग आत जाऊन त्यांनी फरशीचा लाल रंग, चुना आणि गोडं तेल एकत्र कालवलं, त्याचे गोळे केले आणि लाल फडक्यात बांधले. ताई दारात उभी होती. "हे तुम्ही करताय?" एवढंच ती म्हणाली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. कापडावरचा पुसटसा डाग ज्यांना खपत नसे, ते भावजी हेच का, असं मनात आलं आणि त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी ते फडकं डोक्यावर घेऊन भावजी नर्मदेवर गेले. पुढे ढोल, मागे अख्खं गाव. फरशीचा रंग नर्मदामाईच्या पदरात पडला. परतताना पटेलांनी सगळ्यांदेखत निवाडा दिला. भेरूजींनी चोला सोडला, म्हणजे त्यांना बाईच्या हातचा नको होता. नवा चोला आता बाबूजी चढवतील, आणि यापुढे दर शनिवारीही तेच. कुजबुजणाऱ्यांना इतके दिवस हवं होतं ते आयतं मिळालं.

संध्याकाळी यमुनाबाई चौकीत आल्या. उंबऱ्याबाहेरच बसल्या. ताईने पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"म्हारा हाथ में कई खोट थी, बाबूजी?" त्यांनी विचारलं. आपल्या हातात काय खोट होती, एवढंच त्यांना हवं होतं. "कोई दन न्हायां बिगर हाथ नी लगायो." आंघोळ केल्याशिवाय त्यांनी देवाला कधी हात लावला नव्हता.

भावजी जोडे पुसत बसले होते. "भेरूजींनाच ठाऊक," ते म्हणाले. म्हातारी उठून गेली. मला इतकी लाज वाटली की मी त्यांना वाटेपर्यंत सोडायलाही उठलो नाही.

त्या गेल्यावर ताई म्हणाली, "शनिवारी सगळ्यांसमोर खरं सांगा. नाहीतर मी सांगते."

"आपल्याला याच गावात राहायचंय, यशोधरा."

"त्यांनाही इथेच राहायचंय."

भावजी त्या रात्री जेवले नाहीत. शनिवारपर्यंत त्यांचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, माणूस आतून चांगला आहे, ऐनवेळी बोलेल.

आणि बोलले. कोनाड्यापुढे गाव जमलं होतं, यमुनाबाई पार मागे, बायांच्याही मागे उभ्या होत्या. पटेलांनी शेंदराचं ताट भावजींपुढे धरलं. भावजींचा हात ताटापर्यंत गेला आणि थांबला. ढोल चालूच होता. ते पटेलांच्या कानाशी वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पटेल साहब, चोला भेरूजीने नहीं छोडा. मैंने खुरपेसे निकाला है."

पटेल हसले, हात वर करून ढोल थांबवला आणि लोकांकडे वळले. "देखो, डोकरी को मन राखवा के वास्ते बाबूजी सगळो अपणा माथे ले रिया हे. असो मनख कां मिले."

म्हातारीचं मन राखायला बाबूजी सगळा दोष आपल्या माथी घेताहेत, असा माणूस मिळायचा कुठे, असं ते म्हणत होते. लोकांनी भेरूजींचा जयजयकार केला. काहींनी भावजींचाही केला. भावजींनी नाही म्हणायला हवं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर मला काय दिसलं, सांगू? सुटका. सांगून झालं, कुणी मानलं नाही, आता आपला दोष नाही, अशी स्वच्छ सुटका. ताईने पदर तोंडाला लावला.

गर्दी बाजूला सारत यमुनाबाई पुढे आल्या. त्या भावजींच्या अगदी समोर उभ्या राहिल्या.

"एक बार फेर बोलो, बाबूजी," त्या म्हणाल्या. "जोर से."

भावजींनी मान खाली घातली आणि शेंदूर कालवायला घेतला.