पानाची डावी बाजू

साखर वाढली म्हणून डॉक्टर म्हणाले, भात कमी करा. घाटकोपरच्या सुगंधा परबने तो सोडूनच दिला. मासे आधीच सोडलेले. त्यात मालवणी घरात भातही बंद म्हणजे जेवण ते काय राहिलं? पण पन्नाशीत तिला मॅरेथॉन पळायची होती. पनीर, शेंगदाणे, ओलं खोबरं खाऊन ती पळत सुटली आणि झकास पळत होती.

मग एका रविवारी कांजूरमार्गला पोटऱ्यांत गोळे आले. ती फुटपाथवरच बसली. नवऱ्याने, काशीरामने, रिक्षातून घरी आणलं.

"सांगत होतो, भात खा."

"भाताचं नाव काढू नका!"

पण जेवताना तिचं लक्ष पानाकडे गेलं. डावी बाजू साफ रिकामी. लोणचं, पापड, सांडगी मिरची, सगळं भाताशीच खायचं, म्हणून भाताबरोबर तेही गेलं होतं. उरलंसुरलं मीठ घामातून वाहून गेलेलं.

पुढच्या रविवारी तिच्या बाटलीत कोकमाचं खारट आगळ घातलेलं पाणी होतं. कांजूरमार्गला काशीराम रिक्षा घेऊन उभाच होता. ती थांबलीच नाही.

"घरी जा," पळता पळता ती ओरडली, "आणि डावी बाजू वाढून ठेवा!"