सलमाआपाचं घर खोक्यात भरताना

काल सुताराकडे सरस उकळत होता आणि त्या उग्र वासानं मी थेट इस्लामपूरच्या आमच्या घरात पोचले.

अब्बा सुतारकाम करायचे. लग्न होऊन भोपाळला गेलेल्या सलमाआपासाठी त्यांनी आमच्या घराची लाकडी प्रतिकृती केली होती, इवल्याशा कौलांसकट. अम्मी गेल्यापासून त्यांनी तिचं नावही काढलं नव्हतं.

ते रेल्वेनं पाठवायला मी खोक्यात भरत होते. धक्क्यांनी भिंती दबू नयेत म्हणून आतही कापूस भरावा, असं मला वाटलं. मी छप्पर अलगद उचललं. आत चुलीपुढं अम्मी बसली होती. बोटाच्या पेराएवढी, डोक्यावर पदर, मान डावीकडे किंचित कललेली. अगदी तशीच.

"अब्बा, ही..."

"तिथं कापूस नगं भरू," मान वर न करता ते म्हणाले. "जीव घुसमटंल तिचा."

"आवं, पन भिंत फुटंल की!"

"फुटू दे."

तेव्हा मला अब्बांची भीतीच वाटली. आज वाटतं, त्या दिवशी ते पहिल्यांदा तिच्याबद्दल बोलले होते.

भिंत वाटेत तडकलीच. भोपाळला आपानं खोकं उघडलं, तेव्हा त्या फटीतूनच तिला अम्मी दिसली.