नळीची आतली कड

१२ मे २०२४. उमरोळीच्या भाड्याच्या खोलीत जीव चार: जिवल्या, त्याची बायको पारू आणि दोन मुली. चौघांचा आधार म्हणजे जिवल्याच्या हाताचे नाव.

डोंगरातल्या वारली पाड्यावरची शेती पावसाबरोबर संपली की जिवल्या साउंडवाल्यांसाठी बेसचे खोके बांधी. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तितकीच हवा मागेही ढकलतो. ती वाया जाऊ नये म्हणून तो खोक्यात पाइपची नळी बसवी. खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी दबते, नळीतली हवा वजनासारखी मागेपुढे झुलते, आणि एका ठरावीक सुराला पडदा जवळजवळ थांबतो, बोलते ती नळी. नळी लांब तितका हा सूर खोल. त्याच्याही खालचा सूर आला, तर मात्र पडद्याला हवेचा आधार उरत नाही. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. पाइपचे तुकडे बदलत तो शिकला होता. धारेवर वारा फुसफुसतो, म्हणून नळीच्या दोन्ही कडा तो पॉलिश पेपरने गोल करी.

"आतली कोन बगतंय?" पारू हसे.

"वारा बगतो ना!"

त्या संध्याकाळी नवापूरला हळदीच्या मांडवात सुजितचा स्पीकर फाटला. सुजित साउंडचा मालक. सहा वर्षे जिवल्याला भाऊ म्हणणारा, पारूच्या हातची भाकरी खाल्लेला. माइक त्याच्याच हातात होता.

"खोका जिवल्याचा हाय. वारल्याला लाकूड कळतं, साउंड नाय!"

मांडव हसला. त्यात बोईसरचे दोन साउंडवालेही होते.

हे कानावर आले तसा सकाळी जिवल्या नवापूरला गेला. फाटका स्पीकर उतरवून त्याने खोक्यात हात घातला. नळीची आतली कड बोटाला कापली.

"दादा, ही कड माजी नाय."

सुजितने आधी दाराबाहेर पाहिले. "नळी चार इंच कापली रे. पोरांना धमाका पायजे होता."

"धमाका वाढला, पन खालचा सूर आला तवा पडदा मोकळा सुटला. मंग लोकांना तसं सांगा ना."

"येडा का काय? माजा धंदा हाय! तुजं काय जातंय? तू दुसरा खोका बनवशील."

"कोनासाठी?"

त्याच आठवड्यात बोईसरच्या दोघांनी सांगितलेले खोके दुसऱ्या सुताराकडे गेले. खोलीचे भाडे निघेना, तेव्हा पावसाळ्याला महिना असतानाच पारूने मुलींना घेऊन पाडा गाठला.

त्या खोक्याची मजुरी सुजितने पूर्वीच चुकती केली होती. चार इंच कोणी कापले, हे त्याच माइकवरून सांगणे अजून बाकी आहे.