एका हाताचा इशारा

तात्या हात वर करायचे आणि माझ्यापुरता सगळा गोंगाट विरून जायचा. बारामतीजवळ एका कारखान्याची शेड उभी राहत होती. मी तिथे साइट इंजिनिअर आणि पळसदेवचे तात्या खालून क्रेनवाल्याला इशारे देणारे. उन्हात लोखंडी तुळई सावकाश वर चढायची, खाली त्यांची बोटं हवेत संथ हलायची. अर्धं आयुष्य उजनी धरणाच्या पाण्यावर जाळी टाकण्यात गेलेलं, घाई त्यांना ठाऊकच नव्हती.

तुळई वीतभर उचलली की ते थांबवायचे. वजन कुठं कलतंय, साखळी कुठं कुरकुरतेय, डोळे किलकिले करून बघत राहायचे. ‘झोप लागली का तात्या?’ असं मी एकदा विचारलंही. ते नुसते हसले.

त्यांचं एकच सांगणं असायचं, ‘क्रेनला धनी एकच पायजे साहेब. दोन झालं की घात.’

एका दुपारी वरचे साहेब पाहणीला यायचे होते आणि तुळई वीतभरावर अडलेली. माझा धीर सुटला. तात्यांच्या मागे उभा राहून मीच ‘वर घे’ असा हात केला. क्रेनवाल्याने साहेब म्हणून माझं ऐकलं. कललेली तुळई झोका घेऊन माझ्याच अंगावर आली. तात्यांनी मला ढकललं, पण त्यांचा डावा हात तुळई आणि खांबाच्या मध्ये सापडला. दोन बोटं गेली.

दवाखान्यात अपघाताचा अहवाल मांडीवर घेऊन मी बसलो. ‘कामगाराचा हात चुकून मध्ये आला’ एवढं लिहिलं की मी सुटणार होतो. सांगायला लाज वाटते, पण पेन तिकडेच वळत होतं. तात्यांनी डोळे मिटूनच विचारलं, काय लिहिताय. मी कागद उलटा केला.

‘खरं लिवा,’ ते म्हणाले. ‘न्हायतर उद्या दुसरं कुणी आसाच हात करंल.’

मी खरं लिहिलं. बढती हुकली, तिचं फार वाईट वाटलं नाही.

तात्या गावी परतले. उन्हाळ्यात भेटायला गेलो, तेव्हा पाणी उतरलं होतं आणि लांबवर धरणात बुडालेलं जुनं देऊळ तरंगत असल्यासारखं दिसत होतं. ओट्यावर तात्या उरलेल्या बोटांनी जाळं सांधत होते. त्यांच्या बायकोने, काकूंनी, पाण्याचा तांब्या दिला. तात्यांनी काकूंना काय सांगितलंय, मला माहीत नव्हतं. तांब्या हातात तसाच राहिला.

‘काकू, तो हात मी केला होता.’

‘ठाव हाय,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी कवा येऊन सांगताय, तेवढीच वाट बघत व्हते. बसा आता जेवाया.’